साताऱ्याचं थ्रीडी मॉडेल झालं, तर व्हीलचेअरला वाट सापडेल का?

तळ्यावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नकाशांच्या क्षेत्रात, म्हणजे जीआयएसमध्ये काम करते. माहेर मंगळवार तळ्याजवळ, नोकरी पुण्यात.

शहराचं डिजिटल मॉडेल, ज्याला हल्ली डिजिटल ट्विन म्हणतात, त्याबद्दल बरंच ऐकू येतं. सिंगापूरनं २०१४ मध्ये 'व्हर्च्युअल सिंगापूर' हाती घेतलं. वृद्धांना आणि व्हीलचेअरवाल्यांना बिनअडथळ्याची वाट शोधून देणं हा त्याच्या जाहीर उपयोगांपैकी एक होता. हेलसिंकीनं तर अख्ख्या शहराचं थ्रीडी मॉडेल करून सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. आपल्याकडेही स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नक्शा' हा शहरी जमीनमोजणीचा कार्यक्रम देशातल्या १५२ शहरांत सुरू झाला. आज ना उद्या आपल्याही गल्लीबोळांचं असं काही तयार होणारच.

माझा प्रश्न असा: व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, पांढरी काठी घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळेल? वरून पाहणाऱ्या यंत्राला छप्पर छान दिसतं. माणूस अडतो तो पायरीपाशी. त्यामुळे मॉडेल बनवायच्या आधीच त्यात काय मोजायचं हे ठरवायला हवं, आणि ते ज्यांना अडतं त्यांनीच ठरवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव लिहा. चढ, पायऱ्या, गटारं, सगळं चालेल.

कंदीपेढा

साताऱ्यात दिशा दोनच, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम आपण पाहुण्यांना सांगण्यापुरतं वापरतो.

ड्रोनवाला

ताई, छपराचा मुद्दा बरोबर आहे, थोडी भर घालतो. थ्रीडी मॉडेलची बारकाई पातळ्यांत मोजतात. पहिल्या पातळीत इमारती म्हणजे नुसते ठोकळे. दुसरीत छपरांचे आकार येतात. दारं-खिडक्या तिसऱ्या पातळीत. बहुतेक शहरांची मॉडेलं दुसऱ्या पातळीवर थांबतात, कारण सावली किती पडेल, सौरऊर्जा किती मिळेल, पाणी कुठे तुंबेल याला तेवढं पुरतं. दारापुढची पायरी त्यात नसतेच.

ड्रोन सरळ खाली बघतो. चिमणपुऱ्यातल्या बोळात दोन्हीकडचे पत्रे एकमेकांना टेकायला आलेत, खाली काय आहे ते त्याला कसं दिसणार? गाडीवर लेझर स्कॅनर लावून फिरलं तर रस्त्याकडेची पायरी सेंटीमीटरमध्ये मिळते. पण गाडी बोळात शिरत नाही. तिथे माणसानंच चालत जायचं. २०२० पासूनच्या काही महागड्या आयफोनमध्ये छोटा लेझर स्कॅनर येतो, तो दारापुढच्या पायरीला पुरतो.

चाकावरचा

धागा वाचून बरं वाटलं. मी रोज हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरतो, राहायला राजपथ आणि खालचा रस्ता यांच्या मधल्या एका बोळात. चढाबद्दल सगळे बोलतात म्हणून एक गोष्ट नीट सांगतो, जी चालणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

समोरच्या चढापेक्षा आडवा उतार जास्त छळतो. पाणी गटारात जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात, ते योग्यच आहे. पण कडेनं चाललं की खुर्चीची पुढची छोटी चाकं आपोआप गटाराकडे वळतात. मग सरळ राहायला गटाराकडचा हात सारखं ढकलत राहतो आणि दुसरा हात सारखा ब्रेक लावत राहतो. चारशे पावलांच्या अंतरात एकच खांदा भरून येतो. त्यात गटारावरची फरशी हललेली असेल तर छोटं चाक फटीत बसतं आणि माणूस पुढे जातो, खुर्ची मागे राहते.

आमच्या बोळाचा चढ मोबाईलमधल्या लेव्हलनं ७ अंश दाखवला. रॅम्पचा नियम १:१२ चा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, पावणेपाच अंशांच्या आसपास. आमचा बोळ झाला साधारण १:८. वर जाताना पुढची चाकं उचलली जातात. मागे कुणी असल्याशिवाय मी तो चढत नाही. उतरताना हातमोजे गरम होतात.

आता खरं बोलतो. कुठे अडतं हे मला पाठ आहे, त्यासाठी मला मॉडेल नको. मला ते दुरुस्त झालेलं हवंय.

गुरुवार परजेचा दुकानदार

आमचीही बाजू ऐका. माझं दुकान वडिलांच्या वेळचं, एका चढाच्या बोळात. जोत्याला तीन पायऱ्या, मिळून ४५ सेंटीमीटर. १:१२ नं रॅम्प करायचा तर लांबी झाली ५ मीटर ४० सेंटीमीटर. दारासमोर गटार धरून माझ्याकडे जेमतेम दीड मीटर. रॅम्प केला तर तो पलीकडच्या दुकानात शिरेल! आणि रस्त्यावर एक वीट ठेवली की अतिक्रमण म्हणून नोटीस येते. आमच्या दुकानात म्हातारी माणसं येतात, त्यांना हात धरून वर घेतो. मनात नाही असं नाही, जागा नाही.

पाठीवरची पिशवी

वाचतेय. लहान मुलाची बाबागाडी घेऊन पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत एकदा जाऊन बघा, अर्धे प्रश्न तिथेच कळतात.

निवृत्त ओव्हरसिअर

बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

पहिला मुद्दा दुकानदार साहेबांसाठी. तुमचं दुकान चढाच्या बोळात आहे म्हणता. जोतं सपाट, रस्ता तिरका. मग तुमच्या दुकानाच्या खालच्या कोपऱ्यात तीन पायऱ्या असतील, तर वरच्या कोपऱ्यात किती आहेत ते बघा. १:८ च्या चढावर ४ मीटर रुंद दुकान असलं तर दोन कोपऱ्यांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. म्हणजे वरच्या अंगाला जोतं रस्त्याला जवळपास टेकलेलं असणार. तिथे दार काढलं तर रॅम्प लागतच नाही, एखादी फरशी तिरकी बसवली की झालं. सपाट गावाला ही सोय नाही. डोंगराच्या कुशीतल्या गावाला आहे. जुन्या पेठांत अशी कितीतरी दुकानं निघतील, आणि ती शोधायला मात्र तुमच्या मॉडेलचा खरोखर उपयोग आहे. जोत्याची पातळी आणि रस्त्याची पातळी दोन्ही त्यात असल्या पाहिजेत एवढंच.

दुसरा मुद्दा. रस्त्याची पातळी स्थिर नसते. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवा डांबरी थर पडतो. रस्ता वर येतो, घर तिथेच. पावसाचं पाणी आत यायला लागलं की घरमालक उंबरा वाढवतो. म्हणजे आधी बाहेरून पायरी होती, आता आतून पण झाली. मॉडेल आज केलं आणि पुढच्या वर्षी रस्ता झाला, की त्यातली प्रत्येक पायरी चुकीची. म्हणून रस्त्याचं काम पूर्ण झाल्याचा दाखला देतानाच नव्या पातळ्या मॉडेलमध्ये भरल्या पाहिजेत. बिलाला जोडा, आपोआप भरल्या जातील.

कंदीपेढा

काका, "बिलाला जोडा" हे चौकात लावा.

गुरुवार परजेचा दुकानदार

ओव्हरसिअर काका, आत्ता शटर लावताना बघितलं. वरच्या कोपऱ्यात बोटभर उंची आहे. तिथे काचेचं कपाट उभं आहे, आणि इतकी वर्षं ते तिथेच आहे. उद्या भावाशी बोलतो.

पांढरी काठी

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हा धागा ऐकतोय. सगळी चर्चा चाकांची चाललीय, तर काठीचंही ऐका.

पायरी मला अडवत नाही. काठीला पायरी लागते, मी चढतो. उलट कडा पूर्ण सपाट केली तर फूटपाथ कुठे संपला आणि रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. म्हणून तिथे ठिपक्यांच्या फरशा लागतात. जपानमध्ये ओकायामा शहरात १९६७ साली त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. एका शहरात मी पट्ट्यांवरून विश्वासानं चालत गेलो आणि विजेच्या खांबावर कपाळ आपटलं. बसवणाऱ्यानं पिवळा रंग छान दिसतो म्हणून बसवल्या होत्या.

काठी जमिनीवरचं सांगते, कमरेच्या वरचं सांगत नाही. दुकानाबाहेर तिरका लटकलेला फलक, ट्रकचा उघडा फाळका, झाडाची वाकलेली फांदी, हे सगळं थेट चेहऱ्यावर. थ्रीडी मॉडेलकडून मला हेच हवंय, कारण सपाट नकाशात डोक्याच्या उंचीचं काहीच नसतं. आणि ते मॉडेल बघायची वस्तू करून ठेवू नका. गोल फिरणारं सुंदर चित्र माझ्या काय कामाचं? "पुढे वीस पावलांवर डावीकडे गटार उघडं" एवढं वाक्य त्यातून आलं पाहिजे.

ड्रोनवाला

शेवटच्या वाक्याला +१. हे लिहून ठेवतो.

कृष्णाकाठची

सांगलीहून लिहिते. आमच्याकडे चढाचा त्रास नाही, त्यामुळे वरचं सगळं वाचताना नवल वाटलं. आमचं दुखणं पाण्याचं.

२०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ ला पुन्हा तीच धावपळ. अशा वेळी बोट येते ती गल्लीच्या तोंडाशी. माझ्या सासूबाईंना चालता येत नाही. तळमजल्यावरून त्यांना खुर्चीसकट उचलून शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं, आणि पाणी उतरेपर्यंत त्या तिथेच. तिथे त्यांना वापरता येईल असं शौचालय नव्हतं. त्याबद्दल कोण बोलतं?

थ्रीडी मॉडेलात पुलाच्या पातळीचा आकडा टाकला की कुठल्या गल्लीत किती पाणी येईल ते दिसू शकतं. त्याला जमिनीची उंची बारीक मोजलेली लागते, पण आमचं गाव सपाट असल्यानं फूटभरानं सगळं बदलतं, म्हणून ते मोजणं आमच्याकडे जास्तच गरजेचं आहे. ४० फुटांना, म्हणजे इशारा पातळीला, कुणाला आधी हलवायचं हे त्यावरून ठरवता येईल. कोरडा रस्ता असताना व्हीलचेअर रिक्षात चढते. बोटीत चढवणं किती अवघड आहे ते मी पाहिलंय.

एक काळजी मात्र आहे. कुठल्या घरात चालता न येणारं माणूस एकटं राहतं, हे उघड्या नकाशावर टाकू नका. ती यादी पालिकेकडे आणि वॉर्डातल्या दोन जबाबदार माणसांकडे असावी.

तळ्यावरची (धागाकर्ती)

सांगलीच्या ताई, खूप आभार. माणसांची माहिती वेगळी आणि रस्त्यांची माहिती वेगळी, हे सुरुवातीलाच ठरवायला हवं.

चाकावरचे दादा, "मला पाठ आहे, मॉडेल नको" या तुमच्या वाक्यावर दोन दिवस विचार करतेय. तुम्हाला तुमचा बोळ पाठ आहे. पण नगरपालिकेला तो पाठ नाही, आणि तुम्हाला गोडोलीतले रस्ते पाठ नसतील. मॉडेलचं काम मला असं दिसतं.

वाट शोधणारा संगणक शहराकडे साखळी म्हणून बघतो. प्रत्येक तुकड्याला चढ, रुंदी, आडवा उतार, कडेची उंची असे आकडे जोडायचे. मग माणसानुसार हिशोब बदलायचा. अमेरिकेत सिएटल शहरासाठी ॲक्सेसमॅप नावाची सेवा वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी केली आहे. सिएटल आपल्यासारखंच चढउताराचं. तिथे तुम्ही आधी सांगता की मला चढताना एवढा चढ चालतो, उतरताना एवढा, कडेला उतार नसेल तर रस्ता ओलांडता येत नाही. त्यावरून वाट मिळते. लांबची असेल, पण तुमच्या खांद्याला झेपेल अशी.

त्याहून मोठा उपयोग पुढे आहे. साखळीतली एक कडी तुटली की सगळी वाट मेली. समजा राजपथाचा एखादा लांब टप्पा बरा आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांना रस्ता ओलांडायच्या जागी कडेला उतार नाही. मग तो बरा टप्पा असून नसल्यासारखा. मॉडेल सांगू शकतं की या दोन कडा दुरुस्त केल्या तर इतकी लांबी एकदम खुली होते, आणि त्या तिसरीकडच्या चार केल्या तर काहीच होत नाही. पैसा थोडा असताना कुठे आधी हात घालायचा, याचं उत्तर कुणालाच पाठ नसतं.

पोवई नाक्याचंच घ्या. ग्रेड सेपरेटर झाल्यापासून तिथे एकावर एक रस्ते आहेत. सपाट नकाशात ते एकमेकांना छेदतात. चालणाऱ्यानं वर राहायचं की खाली जायचं हे थ्रीडीतच नीट मांडता येतं.

आणि फुकट मिळणाऱ्या उंचीच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. उपग्रहाचे सहज मिळणारे आकडे ३० मीटरच्या चौकटीचे असतात. त्या एका चौकटीत तुमचा बोळ, शेजारचा वाडा आणि मागचं अंगण सगळं मावतं. त्यातून ७ अंशांचा चढ कधीच दिसणार नाही.

कोर्टाजवळचा वकील

सगळे तंत्रावर बोलताय, पाया विसरू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ चे. सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ ला संपली. सेवा देणाऱ्या खाजगी लोकांनाही दोन वर्षांची मुदत होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेची मानकं नुसती मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत. त्यासाठीचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला आणि किमान सक्तीच्या गोष्टी वेगळ्या काढून तीन महिन्यांत नियम करा असं केंद्राला बजावलं.

म्हणून माझा आक्षेप. "मॉडेल होऊ दे, मग बघू" ही पळवाट होता कामा नये. सरकारी कार्यालयाच्या दारातल्या तीन पायऱ्या मोजायला ड्रोन लागत नाही, टेप पुरते. मॉडेल जिथे खरोखर निर्णयाला लागतं तिथेच वापरा. बाकी ठिकाणी कायदा आजच लागू आहे. शिवाय स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्याचा हिशोब प्रत्येकानं आपापल्या वॉर्डात विचारावा.

चाकावरचा

वकील साहेब, मनातलं बोललात. आणि ताई, साखळीचा मुद्दा पटला. माझ्या बोळाच्या वरच्या तोंडाला गटाराची एक कडा आहे, वीतभरही नाही. तेवढी काढली तर मला राजपथावर खालून वळसा न घालता जाता येईल. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, "एका माणसासाठी गटार उकरता येत नाही." तुमच्या हिशोबात ती कडा किती जणांची वाट अडवते ते दिसलं, तर त्या उत्तराला उत्तर देता येईल. त्या बोळात पाच आजीआजोबा आहेत, ते वर येतच नाहीत.

शाहूपुरीची मावशी

मी सत्तरी ओलांडलेली आहे, गुडघे गेलेत. मला कुणी दिव्यांग म्हणत नाही, पण चढ मलाही आहे. तुमच्या मॉडेलात बसायच्या जागा टाका. कुठे कट्टा आहे, कुठे सावली आहे, कुठे बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं. दोन कट्ट्यांमधलं अंतर कळलं तर मी राजवाड्यापर्यंत चालत जाईन, रिक्षा नको.

पांढरी काठी

मावशी, हा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

कंदीपेढा

अवांतर: गणपतीत मांडव पडले की अर्ध्या वाटा बदलतात. त्यांचं काय?

ड्रोनवाला

अवांतर नाही ते. पक्कं आणि तात्पुरतं असे दोन थर ठेवावे लागतात. मांडवाची परवानगी पालिका देतेच, त्यावर जागा आणि तारखा असतात. तीच माहिती तात्पुरत्या थरात टाकली की त्या दिवसांपुरती वाट दुसरीकडून निघेल. आणि परवानगी देतानाच व्हीलचेअर जाईल एवढी मोकळी वाट मागता येईल.

तळ्यावरची (धागाकर्ती)

मग सुरुवात कुठून करायची? मोठ्या मॉडेलची वाट न बघता ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, आत्ताच भरता येतं. चढ, रुंदी, पृष्ठभाग, कडेची उंची, ठिपक्यांच्या फरशा, बसायचे बाक, सगळ्याला तिथे जागा आहे. बर्लिनच्या लोकांनी २०१० मध्ये सुरू केलेला व्हीलमॅप याच नकाशावर चालतो. पायरी नसलेली जागा हिरवी, ७ सेंटीमीटरपर्यंतची एकच पायरी असेल तर पिवळी, त्याहून जास्त असेल तर लाल. उद्या सरकारी मॉडेल आलं तर हेच आकडे त्यात घालता येतील.

माझं म्हणणं, एकच वाट घेऊ. एसटी स्टँड, पोवई नाका, राजपथानं मोती चौक, राजवाडा. पूर्ण. कुठेही तुकडा न सोडता.

निवृत्त ओव्हरसिअर

एक वाट घेतली हे चांगलं. माझ्याकडे ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) अजून आहे. कसं मोजायचं ते सांगतो. दर दहा मीटरला मधली आणि कडेची पातळी घ्या, म्हणजे उभा चढ आणि आडवा उतार दोन्ही निघतात. जिथे रस्ता ओलांडतात तिथे कडेची उंची टेपनं. रुंदी मोजताना कागदावरची नको, खांब आणि लावलेल्या दुचाक्या सोडून जी मोकळी राहते ती. प्रत्येक आकड्याजवळ तारीख लिहा. तारखेशिवाय पातळीला किंमत नाही.

चाकावरचा

मी बरोबर येतो. जिथे मला ढकलायला लागेल तिथे तुम्ही खूण करा, मग आकडा काय म्हणतो ते बघू. आकडा बरोबर आणि मी अडलोय, असं कुठेतरी होणारच. ती जागा वेगळी लिहायची.

पांढरी काठी

मी पण. डोक्याच्या उंचीचं माझ्याकडे.

शाहूपुरीची मावशी

कट्टे मी सांगते. मोती चौकापर्यंतचे सगळे माहीत आहेत.

गुरुवार परजेचा दुकानदार

भाऊ तयार झाला. कपाट हलवतोय, कोपऱ्यातलं दार रुंद करायचंय. काका, खुर्ची सहज आत येण्यासाठी चौकट सोडून किती रुंदी ठेवू?

निवृत्त ओव्हरसिअर

९०० मिलिमीटर मोकळी. आणि उंबरा ठेवू नका. पाणी आत येईल म्हणून सुतार आग्रह करेल, त्याऐवजी दाराबाहेर जाळीची आडवी चर काढून गटाराला जोडा. जाळीच्या फटी वाटेला आडव्या पडल्या पाहिजेत, उभ्या पडल्या तर पुढचं चाक अडकतं.